बासष्ट नारळ, एक सुपारी

माझ्या दुकानाच्या गल्ल्यात त्या हिवाळ्यात दोन सुपाऱ्या पडून होत्या. पानात घालायच्या नव्हेत, बँडच्या. आमच्याकडे लग्न ठरलं की घरचा कर्ता बँडमास्तरच्या हातावर सुपारी ठेवतो. त्याने मूठ मिटली की तारीख पक्की. मग काहीही होवो, त्या दिवशी बाजा दारात येणारच. आणि मूठ मिटली नाही, तर समजायचं की तुमच्या दारात वाजवायची त्याची इच्छा नाही.

माझ्या लेकीचं, प्रेरणाचं, लग्न फाल्गुनात होतं. मी बँडमास्तर जब्बारकडे दोनदा सुपारी पाठवली आणि ती दोनदा परत आली. पहिल्यांदा नुसतीच आली. दुसऱ्यांदा माझी बायको कोकिळा ती घेऊन जब्बारच्या बायकोकडे, अख्तरीकडे गेली, तेव्हा डबाभर गुलगुल्यांसोबत परत आली. म्हणजे बायकाबायकांचं काही बिघडलं नव्हतं. बिघडलं होतं जब्बारचं आणि माझं, आणि त्याला कारण माझी जीभ. गुलगुले मात्र मी खाल्ले. खोटं कशाला बोला, चांगले झाले होते.

हिलाल ब्रास बँड हा नांदुऱ्यातला सगळ्यात जुना बाजा. माझ्या आजाच्या लग्नात जब्बारच्या आजाने वाजवलं, माझ्या बापाच्या लग्नात त्याच्या बापाने, आणि माझ्या लग्नात खुद्द जब्बारने. तेव्हा आम्ही दोघंही नुकते मिसरूड फुटलेले, शाळेत एका बाकावर बसलेले. त्या वरातीत त्याने माझ्यासाठी क्लॅरिनेट इतकं घुमवलं की घोडाही ऐकत उभा राहिला आणि मुहूर्त टळायची वेळ आली. आता माझ्या लेकीच्या लग्नात दुसऱ्याचा बाजा आला असता, तर अख्ख्या गावाने विचारलं असतं, निवृत्तीसेठ, जब्बार कुठं गेला? ह्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते मला तोंडातून काढायचं नव्हतं.

जब्बारचं एक खूळ आधी सांगायला पाहिजे. तो कागद पाहून वाजवतो. त्याचा आजा इंग्रजांच्या काळात पोलिसांच्या बँडात होता. तिथे शिकलेली पाच रेघांची संगीताची लिपी त्याने पोराला दिली, पोराने जब्बारला. नांदुऱ्यात हिचा उपयोग शून्य. वरातीत कागद धरणार कोण, आणि नाचणारे तो बघणार कधी? तरी जब्बार दुपारचा ओट्यावर बसून जुने पिवळे कागद उलगडतो आणि मनातल्या मनात वाजवतो. तोंडाला वाद्य नसतं, गुडघ्यावर फक्त बोटं हलत असतात. आम्ही हसायचो. हसायला काय लागतं!

आता माझ्या जिभेकडे येतो. माझं बी-बियाण्यांचं दुकान आहे. त्या वर्षी सगळ्यांनी बीटी कपाशी लावली आणि माझ्याकडे ज्या कंपनीची एजन्सी होती तिचं बियाणं हातोहात खपलं. कंपनीचं नाव सांगत नाही. ते कानावर पडलं की आमचे शेषराव अजून थुंकायला उठतात. दिवाळीपर्यंत शिवार लाल झालं. पानं लाल, पात्या गळालेल्या, आणि जी बोंडं धरली ती उमलायचं नावच घेईनात. जब्बारचीही गावाबाहेर पाच एकर कोरडवाहू आहे. तो एक झाड मुळासकट उपटून दुकानात घेऊन आला. काउंटरला आठ माणसं उभी होती. मला सकाळपासून प्रत्येकाने ऐकवलेलं, डोकं तापलेलं. आदल्याच दिवशी कंपनीच्या माणसाने आम्हा दुकानदारांना एक वाक्य पाठ करून दिलं होतं: बियाण्यात दोष नाही, शेतकरी शेताच्या कडेला साध्या कपाशीच्या पाच ओळी लावत नाहीत म्हणून अळी पडते. बीटीच्या डब्यात त्या साध्या बियाण्याची छोटी पुडी वेगळी येते आणि सोबत माहितीचा कागद असतो. बहुतेक लोक ती पुडी बांधावर फेकून देत. कागद तर कोणीच वाचत नसे. मीसुद्धा नाही.

मी जब्बारला आठ माणसांदेखत म्हणालो, "तू आपला बाजा वाजव, जब्बार. हे बियाणं कागद वाचून पेरा लागते. बाजेवाल्याचं काम नाई हे."

हातातलं झाड त्याने काउंटरवर हळूच ठेवलं, मुळांची माती सांडू नये म्हणून खाली माझंच पावतीपुस्तक सरकवलं, आणि निघून गेला. संध्याकाळी शेषराव आले. त्यांचं वावर जब्बारच्या बांधाला लागून. ते म्हणाले, "निवृत्त्या, त्यानं तं दोरी धरून पाची ओळी लावल्या होत्या. चारी बाजूनं. अख्ख्या शिवारात त्या एकट्यानंच लावल्या."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हाच उठून जायला पाहिजे होतं. पण माफी मागायला जायचं म्हटलं की माझ्या पायात गोळे येतात, हा माझा जुना रोग. मी सुपारी पाठवली. माफीच्या जागी सुपारी चालते, असं मला वाटलं. नाही चालत.

जानेवारीत पुण्याहून कंपनीचे साहेब आले. पांढरा शर्ट, हातात दोन मोबाइल. म्हणाले, "निवृत्तीराव, आपल्या भागासाठी एक मोठी आनंदाची बातमी आहे."

मला वाटलं, नुकसानभरपाई. पण आनंदाची बातमी अशी होती की कंपनी मूळची ज्या देशातली, त्या थंड देशाचा राष्ट्रीय वाद्यवृंद हिंदुस्थानच्या दौऱ्यावर येत होता. म्होरक्या धरून बासष्ट वादक. सगळा खर्च कंपनीचा. दिल्ली झाली की मुंबई, आणि मध्ये एक दिवस नांदुरा.

"नांदुरा?" मी म्हणालो.

"शेतकऱ्यांसाठी खास कार्यक्रम. कंपनी आपल्या पाठीशी उभी आहे, हा संदेश जायला हवा. आम्ही त्याची फिल्म करतोय." मग साहेबांनी आवाज खाली आणला. "दोन हजार शेतकरी बसलेले दिसले पाहिजेत. ती जबाबदारी तुमची. पुढच्या हंगामाची एजन्सी कुणाला द्यायची ते अजून ठरायचं आहे, हे तुम्हाला माहीतच आहे."

म्हणजे ज्यांचा कापूस बुडाला त्यांना व्हायोलिन ऐकायला बसवायचं, आणि बसवायचं मी. बाहेर पडता पडता साहेबांना आणखी एक कल्पना सुचली. गावातला बँड फाटकाशी उभा करायचा, सगळ्यांच्या अंगात कंपनीचं नाव छापलेले बनियन, पाहुण्यांचं स्वागत. निरोप घेऊन माणूस जब्बारकडे गेला. जब्बारने उत्तर पाठवलं: "आमी वर्दीवर वाजवतो. बनियनवर आमी आंघोळीले जातो."

साहेबांना ते फारसं आवडलं नाही. मला फार आवडलं, पण मी तोंड गंभीर ठेवलं.

लोक मात्र आले. माझ्या शब्दाखातर आले असं म्हणायला मला आवडलं असतं, पण खरं म्हणजे गोरे लोक नांदुऱ्यात उतरणार ह्या बातमीने आले. मोताळ्याकडून आले, जळगाव जामोदहून जीपा भरून आले. कापूस बाजाराच्या आवारात, जिथे एरवी गाड्या लिलावाला उभ्या राहतात आणि त्या वर्षी निम्म्या जागेत कुत्री झोपत होती, तिथे माणूस मावेना. साहेबांनी स्टेज झकास बांधलं होतं. जनरेटर मात्र नव्हता. त्याची घरघर फिल्ममध्ये येईल म्हणून साहेबांनीच तो परत पाठवला होता. हिशेब सरळ होता: कार्यक्रम चारला सुरू, साडेपाचला खलास, आणि आमचं लोडशेडिंग साडेसहाला. एक तास हातात.

भाषणांत पाऊण तास गेला, तो आम्ही धरलेलाच होता. मग एकसष्ट जण काळ्या कपड्यांत येऊन बसले. प्रत्येकाच्या पुढे लोखंडी घोडीवर कागद. हातात छडी घेतलेला बासष्टावा, पांढऱ्या केसांचा उस्ताद आला, लोकांना वाकून नमस्कार केला, मग त्याने आमच्याकडे पाठ केली आणि छडी उचलली.

संगीतातलं मला कळत नाही. पण पहिल्या सपाट्यात माझ्या अंगावर काटा आला हे खरं. बासष्ट माणसं एका दमात श्वास घेत होती. समोर बिड्या विझल्या. माझ्या पुढे बसलेल्या बाईने कडेवरचं रडतं पोर फिरवून स्टेजकडे त्याचं तोंड केलं, ते गप्प झालं. मी सहज मागे पाहिलं. गर्दीच्या पार टोकाला, वजनकाट्याच्या पायऱ्यांवर, जब्बार एकटा बसला होता. धुतलेला कुर्ता, डोक्याला मफलर. आणि गुडघ्यावर बोटं हलत होती. तीन महिन्यांत मी त्याला इतकं जवळून पाहिलं नव्हतं, आणि तो माझ्यापासून दोनशे हातांवर होता.

वीस मिनिटांनी सगळी वाद्यं एकदम गरजली आणि थांबली. लोकांनी टाळ्यांचा पाऊस पाडला. उस्तादाने छडी खाली घेतली आणि तो तसाच पाठमोरा उभा राहिला.

झाला कार्यक्रम, असं मी समजलो. थोडा लवकर आटोपला, पण थंड देशातली माणसं, दमली असतील. आणि पाहुणा वाजवून थांबला की आमच्याकडे पुढचं काम ठरलेलं असतं. नारळ-शाल दिल्याशिवाय पाहुणा स्टेज उतरला तर सात पिढ्यांना बोल लागतो. बासष्ट नारळ, बासष्ट टोप्या आणि एक जास्तीची धरून त्रेसष्ट शाली मी स्वतः मोजून मागे रचून ठेवलेल्या. मी माइक घेतला आणि म्हणालो, "आता आपण पाहुण्यांचा सत्कार करू या."

उस्ताद वळला. त्याच्या चेहऱ्यावर प्रश्न होता, पण तेवढ्यात बाजार समितीच्या सभापतींनी त्याला शाल पांघरली, डोक्यावर टोपी घातली आणि ओंजळीत नारळ दिला, तेव्हा तो बिचारा हसला. साहेब आवाराच्या दुसऱ्या टोकाला कॅमेऱ्यापाशी होते. ते दोन्ही हात हलवत होते. मला वाटलं, छान चाललंय म्हणतायत. मीही हात हलवला.

आमच्या तालुक्यात एक कायमची अडचण आहे. नेते जास्त, पाहुणे कमी. दर कार्यक्रमात कोणीतरी रुसतो की माझ्या हस्ते सत्कार झाला नाही. त्या दिवशी पहिल्यांदाच सगळ्यांना पुरतील इतके पाहुणे होते. सरपंच, माजी सरपंच, संचालक, पतसंस्थेचे अध्यक्ष, त्यांचे व्याही, सगळे रांगेत उभे राहिले. मी यादीवरून एकेक नाव वाचत होतो. ती नावं म्हणजे दाताखाली खडे. पण एकही सोडलं नाही. ढोल वाजवणाऱ्या आडदांड गड्याला दोन शाली जोडून द्याव्या लागल्या. बायका हसत होत्या, वादक हसत होते, एकाने नारळ कानाशी धरून हलवून पाहिला आणि पाणी वाजलं तशी शेजाऱ्याला ऐकवला. सव्वा तास गेला. माझ्या आयुष्यात इतका गोड कार्यक्रम मी केला नव्हता.

शेवटचा नारळ दिला तेव्हा साहेब गर्दीतून वाट काढत, घामाघूम, माझ्यापर्यंत पोचले.

"अहो, काय केलंत! संपलं नव्हतं ते! चार भाग असतात त्याचे! हा पहिलाच होता!"

"मंग तो थांबला कायले?" घाबरल्यावर माझं शुद्ध मराठी जातं.

"थांबतातच मध्ये!"

उस्तादाने टोपी न काढता छडी उचलली. वादकांनी नारळ पायांशी ठेवले आणि वाद्यं सरसावली. आणि त्याच घटकेला, सरकारी खात्याने आयुष्यात एकदा तरी वेळ पाळावी तशी, साडेसहाला लाइट गेली.

सूर्य बुडालेलाच होता. स्टेजवर नुसत्या पांढऱ्या टोप्या दिसत होत्या. त्या लोकांना कागद दिसेनात आणि कागदाशिवाय ती मंडळी एक सूर काढीनात. उस्तादाने साहेबांना काहीतरी म्हटलं. साहेबांनी मला सांगितलं, "दहा मिनिटं वाट बघतील. मग बसमध्ये बसतील. माझी फिल्म गेली, निवृत्तीराव. आणि तुमचं काय गेलं ते तुम्ही समजून घ्या."

एजन्सी गेली, हे मला कळलं. पण खरं सांगतो, मला त्याचं तेवढं लागलं नाही. अंधारात दोन हजार माणसं मुकाट बसून होती. कोणी उठलं नव्हतं. बियाणं मी दिलं, ते फोल निघालं. आता बाजा दाखवतो म्हणून बोलावलं, तोही चार आण्यांचा दाखवून घरी पाठवतो. हे मला लागलं.

नांदुऱ्यात जनरेटरशिवाय उजेड करणारा एकच माणूस होता. लग्नाच्या वरातीत डोक्यावर उजेड घेऊन चालणाऱ्या बाया असतात. बाकी बँडवाल्यांनी कधीच ट्यूबलाइटचे झुंबर आणि गाडीवरचा जनरेटर घेतला. जब्बारने मात्र बापाच्या तीस गॅसबत्त्या टाकल्या नव्हत्या. दर जुम्म्याला काचा पुसून ठेवायचा. गॅसबत्ती बारीक फुसफुसते, पण घरघरत नाही.

मी वजनकाट्याकडे निघालो. पायात गोळे आले, तसाच निघालो.

जब्बार उठला नाही. "काय निवृत्तीसेठ," तो म्हणाला. आयुष्यात कधी मला सेठ म्हणाला नव्हता.

"बत्त्या पायजे, जब्बार."

"कंपनीची सुपारी मी घेत नाई."

"कंपनीची नाई. माही."

"तुही?" अंधारात त्याचं तोंड दिसत नव्हतं, ते बरंच होतं. "निवृत्त्या, पाच एकर गेलं, त्याचं मले काई नाई. सगळ्याइचं गेलं. बियाणं तू थोडीच बनवलं? पण मी माह्या आजापासून कागद वाचतो बे. पाच रेघा वाचणारा माणूस पाच ओळी चुकवन काय? अन् तू आठ माणसांत म्हणालास का मले वाचता येत नाई."

"चुकलो."

"मले माईत हाय तू चुकला. मले अंधारात सांगून काय फायदा? आठ माणसांत म्हणाला होतास."

त्याने मफलर सारखा केला आणि स्टेजकडे तोंड केलं.

मी परत स्टेजवर चढलो. माइक हातात घेतला आणि आठवलं की लाइट नाही. म्हणजे ओरडायला लागणार. साहेब शेजारी उभे. माझा आवाज फुटला तो अगदी लिलावातल्या हर्राशीवाल्याचा.

"ऐका हो! मी निवृत्ती, बियाणेवाला! यंदा माह्या दुकानातून तुमी जे कपाशीचं बियाणं नेलं, ते खराब निघालं! तुमी पेरलं बरोबर, बियाणं खराब होतं! अन् दिवाळीत मी जब्बारले म्हणालो का त्याले कागद वाचून पेरता येत नाई! ते मी खोटं बोललो! त्यानं पाची ओळी लावल्या होत्या! कागद मीच वाचला नव्हता! मी त्याची माफी मागतो! अन् तुमचीबी मागतो!"

साहेबांनी माझी बाही धरली होती. केव्हा धरली ते कळलं नाही. माझी छाती हलकी झाली होती, ताप उतरल्यासारखी.

मग अंधारातून शेषरावांचा आवाज आला. "निवृत्त्या, हे आमाले दिवाळीपासूनच ठाव हाय बे! तुलेच आज समजलं! बस खाली आता, बाजा चालू होऊ दे!"

अख्खं आवार हसलं. इतकं हसलं की मलाही हसू आलं, आणि डोळ्यांत पाणीही आलं. अंधाराचा हा एक फायदा. उस्तादाने साहेबांना विचारलं की हा गृहस्थ काय म्हणाला. साहेब इंग्रजीत दोनच शब्द बोलले. माझी माफी काही परदेशात गेली नाही, पण ज्यांची होती त्यांना पोचली.

आणि फाटकातून उजेड आला.

जब्बारच्या बत्तीवाल्या बायांची म्होरकी भिमाबाई पुढे होती, साठीची, काठीसारखी सरळ. तिच्यामागे एकोणतीस बाया, प्रत्येकीच्या डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर गॅसबत्ती. वरातीत चालतात तशाच दोन ओळींनी त्या आल्या, गर्दी आपोआप फाकली, आणि त्या स्टेजवर चढून वादकांच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. कोणाला काही सांगावं लागलं नाही; कुणाच्या तोंडावर उजेड पाडायचा आणि कुणाच्या हातावर, हे त्यांना जन्मापासून माहीत. काळे कपडे, पांढऱ्या टोप्या, रंगीत लुगडी. कॅमेरावाला साहेबांना न विचारताच पळत पुढे आला.

मी भिमाबाईला हळूच म्हणालो, "एवढ्या लवकर कशा पेटवल्या वो? एकेक बत्ती पेटवाले पंप मारू मारू हात दुखते."

"मघाच पेटवल्या," ती मान न हलवता म्हणाली. "तुमी नारळ वाटून राह्यले होते ना, तवाच मास्तरनं मले घरी धाडलं. म्हणे, चार भाग असतात, याईनं पह्यल्यालेच सत्कार काढला, आता लाइट जाते. आमी कवाच्या फाटकामांगं उभ्या हाओत."

म्हणजे मी वजनकाट्याकडे निघण्याआधीच बत्त्या पेटलेल्या होत्या. मी माफी मागितली नसती तरी त्या आल्याच असत्या, का नसत्या, हे मी अजून जब्बारला विचारलेलं नाही.

दुसरा भाग सुरू झाला. तो संथ होता. बत्त्यांची बारीक सुसू आणि त्यावर व्हायोलिनं. आमच्याकडची माणसं संथ चालीला चुळबुळतात, पण त्या दिवशी कोणी हललं नाही. पोरगा शहरात गेलेल्या घरात दुपारी जशी शांतता असते, तसं काहीतरी त्या सुरांत होतं. शेषराव डोळे पुसत होते आणि धूर लागला म्हणत होते. गॅसबत्तीला कुठला आलाय धूर!

एकतिसावी बत्ती जब्बार स्वतः घेऊन आला होता. ती घरातली, अख्तरीच्या स्वयंपाकघरातली. दोन्ही हातांनी धरून तो क्लॅरिनेट वाजवणाऱ्या बाईच्या मागे उभा राहिला. बाई तिशीची, नाकावर तीळच तीळ. तिचा कागद संपत आला आणि तिला हात सोडायला सवड नव्हती. बाकीच्या बाया नुसता उजेड धरून उभ्या होत्या. जब्बारने बत्ती एका हातावर तोलली, दुसऱ्या हाताने नेमक्या वेळी पान उलटलं आणि पुन्हा बत्ती धरली. ती वाजवता वाजवता दचकली. पुढचं पान आलं, त्याने परत उलटलं. एक सूर आधी नाही, एक सूर नंतर नाही. तिसऱ्या वेळी तिने मान वळवलीच नाही, नुसती भुवई उचलली, आणि त्याने पान उलटलं.

पुढच्या रांगेतला एक जण म्हणाला, "अबे, याले तं खरंच वाचता येते."

चारही भाग झाले. शेवटी कोणी टाळीच वाजवेना. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, खरंच संपलं का म्हणून. मी जब्बारकडे पाहिलं. त्याने मान हलवली, तेव्हा मी टाळी वाजवली आणि मग आवार फुटलं. क्लॅरिनेटवाल्या बाईने उठून जब्बारला वाकून नमस्कार केला, आपले कागद गोळा केले आणि त्याच्या कुर्त्याच्या गळ्यातून आत खोचले, कारण त्याचे हात रिकामे नव्हते. बसमध्ये चढताना प्रत्येकाच्या काखेत नारळ होता.

साहेब मला न भेटता गेले. आठ दिवसांनी पत्र आलं, एजन्सी गेली. फिल्म मात्र कंपनीने गावोगाव दाखवली म्हणतात. त्यात तीस बाया आहेत, जब्बार आहे, माझं ओरडणं तेवढं नाही.

पण त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. लोक पांगत होते. बाया बत्त्या घेऊन फाटकाशी लोकांना वाट दाखवत उभ्या होत्या. जब्बार स्टेजखाली, दोन्ही हातांत बत्ती, सभापतींचा हरवलेला जोडा शोधून देत होता. मी त्याच्याजवळ गेलो. खिशात हात घातला. कार्यक्रमाला निघताना गल्ल्यातल्या दोन्ही सुपाऱ्या मी उगीचच खिशात टाकल्या होत्या. त्यातली एक काढली आणि तळहातावर धरली.

जब्बारने सुपारीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"हात मोकळे नाईत, दिसत नाई काय?" तो म्हणाला. "खिशात टाक."

मी टाकली.

"अन् उद्या सकाळी दुकान उघडून ठेवजो. मी येतो. यंदा कोणतं बियाणं ठेवतो ते दाखवजो, त्याचा कागद मी वाचतो अन् तुले समजावून सांगतो." मग तो बत्ती वर करून पुढे चालायला लागला. "चाल, पायाखाली पाहा. इथी पायरी हाय."